रद्द झालेला ट्रेड आणि कमिशनरचे अधिकार : फँटसी फुटबॉल लीगमधील वाद कसा सोडवावा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीतल्या दहा मराठी मित्रांची एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल लीगवर आधारलेली फँटसी फुटबॉल लीग आहे, म्हणजे प्रत्येक जण (मॅनेजर) खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बनवतो आणि त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवरून त्या संघाला गुण मिळतात. प्रत्येकाने हंगामाच्या सुरुवातीला शंभर डॉलर भरले आहेत. साखळीचे चौदा आठवडे संपल्यावर पहिले सहा संघ प्लेऑफला जातात. दहा आठवड्यांनंतर चार विजय आणि सहा पराभव अशा स्थितीत असलेल्या एका मॅनेजरने स्वतःचा पहिल्या फळीतला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आपल्याला दिला आणि बदल्यात दोन मधल्या फळीतले रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) घेतले. हे मॅनेजर आपले सख्खे साडू आहेत. लीग चालवणाऱ्या सदस्याने, म्हणजे कमिशनरने, हा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) मतदानाला टाकला, आपण दोघे वगळून उरलेल्या आठांपैकी पाच जणांनी विरोधात मत दिले, आणि ट्रेड रद्द झाला. त्या पाचांत स्वतः कमिशनरही होते, आणि अकराव्या आठवड्यात आपला सामना त्यांच्याशीच होता. तो सामना आपण ११८.६ विरुद्ध ११५.२ असा गमावला. लीगच्या लेखी नियमांत याविषयी एकच वाक्य आहे : संगनमत आढळल्यास कमिशनर ट्रेड रद्द करू शकतो. ट्रेड रद्द करणे योग्य होते का आणि नसेल तर आता काय करता येईल, असे आपण विचारले आहे. शिवाय आयआरच्या (इन्जर्ड रिझर्व्ह, म्हणजे जखमी खेळाडू ठेवण्याच्या) जागेवरून आणि गुरुवारी बदललेल्या गुणांवरूनही लीगमध्ये कुरबुर चालू असल्याचे आपण लिहिले आहे.

माझे मत प्रथम सांगतो. ट्रेड रद्द करणे नियमाला धरून नव्हते, तो पुन्हा लागू व्हायला हवा, आणि आपण पाठवलेल्या एका संदेशामुळे अकराव्या आठवड्याचा निकालही बदलता येतो. मी अनेक वर्षे अशा लीगचा कमिशनर आहे, इतर लीगमधले तंटेही माझ्याकडे निवाड्यासाठी येतात, आणि प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट पाहतो : ज्या क्षणी कृती झाली, त्या क्षणी लागू असलेला नियम काय होता. त्यानंतर काय घडले, कोण जिंकले, कोणाचे पैसे गेले, हे निवाड्यात आणले की नियम उरत नाही आणि ज्याच्या बाजूला जास्त माणसे असतील त्याचे म्हणणे उरते.

आपल्या नियमात संगनमत हा शब्द आहे. ट्रेड असमान असणे म्हणजे संगनमत नव्हे. दोन मॅनेजरांनी मिळून एकाच संघाच्या फायद्यासाठी काम करणे आणि दुसऱ्याने आपल्या संघाचे हित जाणूनबुजून सोडून देणे, याला संगनमत म्हणतात. त्याची लक्षणे ठरलेली आहेत. आज दिलेला खेळाडू दोन आठवड्यांनी परत घ्यायचा, म्हणजे खेळाडू जणू भाड्याने द्यायचा. बक्षिसाची रक्कम वाटून घेण्याचे आधी ठरवायचे. आपल्या संघाचे आव्हान संपल्यावर चांगला खेळाडू वेव्हरवर, म्हणजे कोणत्याही संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीत, सोडून मित्राला तो उचलायला सांगायचे. किंवा दरवर्षी नव्याने ड्राफ्ट (खेळाडूंची निवड) होणाऱ्या लीगमध्ये पुढच्या वर्षीच्या उपकाराच्या बोलीवर आज मदत घ्यायची. यातले काही आढळले, तर कमिशनरने मतदानाचीही वाट न पाहता ट्रेड थांबवावा. यातले काहीच आढळले नाही, तर ट्रेड कितीही एकतर्फी दिसला तरी त्याला हात लावू नये. चुकीचा सौदा करण्याचा हक्क प्रत्येक मॅनेजरला आहे, कारण त्याने त्यासाठी पैसे भरले आहेत आणि खेळाडूंची पारख हाच या खेळाचा गाभा आहे.

आता आपल्या साडूंचा संघ पाहू. चार विजय आणि सहा पराभव, साखळीचे चार आठवडे शिल्लक, आणि सहाव्या क्रमांकावरचा संघ पाच विजय व पाच पराभवांवर. म्हणजे ते एका विजयाने मागे होते आणि प्लेऑफची दारे त्यांना पूर्ण उघडी होती. आपण पाठवलेल्या यादीनुसार त्यांच्याकडे तीन चांगले रनिंग बॅक होते आणि रिसीव्हरच्या तीन जागांपैकी दोन जागांवर ते दर आठवड्याला वेव्हरवरून उचललेले खेळाडू लावत होते. अशा संघाने एक बॅक देऊन दोन नियमित रिसीव्हर घेणे यात फुटबॉलच्या दृष्टीने सरळ कारण दिसते. त्यांनी कदाचित आणखी चांगला मोबदला मिळवला असता, हे मला मान्य आहे. पण आणखी चांगला मोबदला मिळू शकला असता असे म्हणणे आणि त्यांनी आपला संघ मुद्दाम बुडवला असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते पार करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. माझ्याकडे असा ट्रेड येतो तेव्हा मी दोन्ही मॅनेजरांना वेगवेगळे विचारतो की या ट्रेडने तुमचा संघ कुठे सुधारतो. दोघांचीही उत्तरे खेळाडूंबद्दल आणि सामन्यांबद्दल असतील, तर माझे काम तिथेच संपते.

नात्याचा मुद्दा मी वेगळा घेतो, कारण मराठी मंडळींच्या लीगमध्ये तो हमखास निघतो. दहा जणांत दोन साडू, एक मामा-भाचा आणि एकाच कॉलेजातले चार जण असतातच. नाते हे कमिशनरने अधिक बारकाईने पाहण्याचे कारण ठरू शकते, पण तो पुरावा नव्हे. नाते आहे म्हणून ट्रेड रद्द करायचा असेल, तर ऑगस्टमध्ये ड्राफ्टच्या आधीच नातेवाइकांनी आपसात ट्रेड करायचे नाहीत असा नियम लिहावा लागतो. नोव्हेंबरात तो आठवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

मतदानाविषयी माझे मत कडक आहे. ट्रेडची तपासणी कशी करायची याचे पर्याय बहुतेक ॲपमध्ये असतात : कमिशनरची मंजुरी, सदस्यांचे मत, किंवा तपासणीच नाही. आपल्या लीगच्या सेटिंगमध्ये कमिशनरची मंजुरी असा पर्याय निवडलेला आहे आणि लेखी नियमात मतदानाचा उल्लेख नाही. म्हणजे मतदान घेण्याचा अधिकारच कोणाला नव्हता. पण अधिकार असता तरी मी त्याच्या विरोधातच बोललो असतो. मत देणारे आठही जण आपले प्रतिस्पर्धी आहेत. ट्रेडमुळे बलवान होणाऱ्या संघाला अडवण्यात त्या प्रत्येकाचा फायदा आहे, आणि अत्यंत प्रामाणिक माणसाचेही मत अशा वेळी आपल्या फायद्याकडे झुकते. त्यातून कमिशनरला स्वतःला चार दिवसांनी त्याच संघाशी खेळायचे असेल, तर त्यांनी त्या प्रकरणातून बाजूला व्हायला हवे होते. त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्याला निकालातून काही मिळणार आहे त्याने निकाल देऊ नये, एवढा साधा हा नियम आहे आणि तो कमिशनरच्या संरक्षणासाठीच आहे.

आता सर्वांत कठीण भाग. ट्रेड पुन्हा लागू करणे सोपे आहे; खेळून झालेल्या आठवड्याचे काय? सर्वसाधारणपणे मी झालेल्या आठवड्याला हात लावत नाही. ट्रेड झाला असता तर मी अमुक खेळाडू लावला असता, हे सोमवारी रात्री प्रत्येकालाच सुचते, कारण तोपर्यंत सर्वांचे गुण समोर असतात. मात्र आपण शनिवारी रात्री, रविवारचा पहिला सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी, लीगच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले होते की रद्द केलेला ट्रेड आपल्याला मान्य नाही, आणि तो लागू असता तर हा रनिंग बॅक फ्लेक्सच्या (बॅक किंवा रिसीव्हर कोणीही लावता येतो अशा) जागी आणि बेंचवरचा अमुक रिसीव्हर दिलेल्या रिसीव्हरच्या जागी खेळवला असता. या चारही खेळाडूंचे सामने रविवारी होते. कोणाचाही गुरुवारी होऊन गेलेला नव्हता. निषेध नोंदवून खेळणे ते हेच, आणि यानेच प्रकरणाला वेगळे वळण मिळते, कारण इथे अंदाज करावा लागत नाही. आपली निवड गुण कळण्याआधी लिहिलेली आहे.

हिशेब असा होतो. प्रत्यक्षात आपले गुण ११५.२ होते. फ्लेक्समधल्या खेळाडूचे ९.८ काढून रनिंग बॅकचे २१.४ घातले की १२६.८ होतात. दिलेल्या रिसीव्हरचे ७.१ काढून बेंचवरच्याचे ४.६ घातले की १२४.३ उरतात. कमिशनरच्या ११८.६ पेक्षा हे ५.७ ने अधिक आहेत. साडूंनी आपली लाइनअप आधी लिहून ठेवली नव्हती. परंतु ते स्वतःचा सामना ३८ गुणांनी हरले, आणि रनिंग बॅकचे २१.४ गुण गेल्यावर आलेल्या दोन रिसीव्हरांमुळे तो सामना जिंकणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्या निकालात फरक पडत नाही. तेव्हा अकराव्या आठवड्याचा विजय आपल्याला मिळावा असे माझे मत आहे. कमिशनर कदाचित म्हणतील की समोर तो बॅक असता तर मीही लाइनअप वेगळी लावली असती. त्यांनी तसे काही आधी लिहिलेले नाही, आणि ज्या निर्णयामुळे गोंधळ झाला तो त्यांचाच असल्याने त्याचा लाभही त्यांना घेता येणार नाही.

पण हा निकाल आपण जाहीर करू नये आणि कमिशनरनेही करू नये. लीगमध्ये तटस्थ असा कोणी उरलेला नाही, कारण सहा जागांसाठीची चुरस सगळ्यांनाच लागू आहे. दुसऱ्या लीगच्या एखाद्या जाणत्या कमिशनरकडे कागद पाठवावेत, त्यांत नावे काढून टीम अ, टीम ब, टीम क असे लिहावे, नियमाचे वाक्य जसेच्या तसे द्यावे, आणि निकाल काहीही लागला तरी मान्य करू असे दोन्ही बाजूंनी आधी गटावर लिहावे. अमेरिकेत शुल्क घेऊन फँटसी लीगचे तंटे सोडवून देणाऱ्या सेवाही आहेत. शंभर डॉलरच्या लीगला त्याची गरज नाही, पण त्या चालतात यावरून माणसे हे वाद किती मनावर घेतात ते कळावे.

किती मनावर घेतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या आयआरच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. २७ मे २०२२ रोजी सिनसिनाटीच्या मैदानावर, रेड्स आणि जायंट्स या बेसबॉल संघांच्या सामन्याआधी, टॉमी फॅमने जॉक पीडरसनच्या थोबाडीत मारली. दोघेही व्यावसायिक बेसबॉलपटू, आणि भांडण आदल्या हंगामातल्या फँटसी फुटबॉल लीगचे. पीडरसनने सांगितले की सामन्यासाठी ‘आउट’ जाहीर झालेला खेळाडू त्याने आयआरच्या जागेवर ठेवून दुसरा उचलला, त्याला फसवणूक म्हटले गेले, तेव्हा त्याने नियमाचा स्क्रीनशॉट गटावर टाकला, आणि फॅमच्या स्वतःच्या संघातही तीच गोष्ट झाली होती. गटावरच्या एका चेष्टेच्या संदेशाचाही फॅमला राग होता. फॅमला तीन सामन्यांची बंदी झाली. त्या लीगचा कमिशनर माइक ट्राउट होता, बेसबॉलमधला आजच्या काळातला एक फार मोठा खेळाडू, आणि फॅमने जाहीरपणे त्याच्यावरही ठपका ठेवला की त्याने हे सगळे चालू दिले.

यातला नियम समजून घ्या. एनएफएलमध्ये संघ एखाद्या खेळाडूला अधिकृतपणे इन्जर्ड रिझर्व्हवर टाकतो, तेव्हा त्याला काही सामने मुकावेच लागतात. ‘आउट’ ही त्याहून हलकी नोंद आहे. ती फक्त त्या आठवड्यापुरती असते. फँटसी ॲपमधली आयआरची जागा कोणत्या नोंदीच्या खेळाडूला द्यायची हे सेटिंगवर अवलंबून असते, आणि अनेक लीगमध्ये ‘आउट’ खेळाडूही तिथे चालतो. त्यामुळे एका बाजूला वाटते की पळवाट काढली, आणि दुसऱ्या बाजूला वाटते की ॲपने दिलेली सोय वापरली. माझा निवाडा अशा वेळी ठाम असतो : लेखी नियमात वेगळे काही नसेल, तर ॲपचे सेटिंग हाच नियम. सेटिंग सर्वांना पहिल्या दिवसापासून दिसत होते आणि सर्वांना सारखेच उपलब्ध होते. ज्याला ते पटत नाही त्याने पुढच्या वर्षी बदलून घ्यावे. या वर्षी त्या मॅनेजरला दंड करता येणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सेंट्स संघाने टेसम हिलला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) म्हणून उतरवले, तेव्हा ईएसपीएनच्या ॲपवरील फँटसी लीगमध्ये तो टाइट एंड या पास झेलणाऱ्या खेळाडूच्या जागी लावता येत होता. त्याने फाल्कन्सविरुद्ध धावत दोन टचडाउन केले आणि २३३ यार्डांचे पासिंगही केले; टाइट एंडच्या जागेवरून इतके गुण मिळणे ही विलक्षण गोष्ट होती. अनेक लीगमध्ये संताप झाला. पण ज्यांनी त्याला वेळेत उचलले त्यांनी नियमाच्या आतच खेळ केला होता, आणि ते गुण त्यांचेच होते.

गुरुवारी बदललेल्या गुणांचा प्रश्न यामानाने सोपा आहे. एनएफएलच्या सामन्यांची आकडेवारी एलियास स्पोर्ट्स ब्युरो पुन्हा तपासते आणि आठवड्याच्या मध्यात दुरुस्त्या येतात. ॲप त्या आपोआप लावते. आपल्याकडे घडले ते असे : धावत येणाऱ्या रिसीव्हरच्या हाती चेंडू दिला गेला, आधी तो पुढे टाकलेला पास मानला गेला आणि नंतर तो मागे दिलेला ठरला. नऊ यार्ड तेच राहिले, पण ती झेल न राहता धाव झाली. प्रत्येक झेलाला एक गुण देणाऱ्या आपल्या लीगमध्ये रिसीव्हरचे १.९ गुण ०.९ झाले, आणि पासिंगच्या दर पंचवीस यार्डांना एक गुण या हिशेबाने क्वार्टरबॅकचे ०.३६ गेले. सामना अर्ध्या गुणाने जिंकलेल्या मॅनेजरला ते लागणारच. तरीही दुरुस्त झालेला आकडा हाच खरा आकडा आहे. सोमवारी रात्री दिसणारा निकाल हा तात्पुरता असतो, एवढे एक वाक्य नियमांत लिहून टाका आणि बक्षिसाची रक्कम अंतिम सामन्यानंतर दुरुस्त्यांची मुदत संपल्यावरच द्या.

ज्यांचा विचार कोणीच केलेला नसतो अशा घटनांसाठी मात्र सेटिंगचा आधार पुरत नाही. २ जानेवारी २०२३ रोजी बिल्स आणि बेंगॉल्स यांच्या सामन्यात डमार हॅमलिनचे हृदय मैदानावरच बंद पडले. सामना पहिल्या क्वार्टरमध्ये थांबला आणि तो पुन्हा खेळवला जाणार नाही असे एनएफएलने तीन दिवसांनी जाहीर केले. हॅमलिन वाचला आणि पुढे पुन्हा खेळलाही, हे त्या आठवड्यातले सर्वांत महत्त्वाचे. पण तो सतरावा आठवडा होता, बहुतेक फँटसी लीगच्या अंतिम सामन्याचा, आणि जॉश ॲलन, जो बरो, स्टेफॉन डिग्ज यांच्यासारख्या खेळाडूंवर कित्येकांची सारी भिस्त होती. कोणी आहे त्या गुणांवर निकाल लावला, कोणी अठरावा आठवडा जोडला, कोणी सरासरी गुण दिले. नियमात काहीच नसेल तेव्हा ज्या दोघांचा सामना आहे त्यांच्या संमतीने मार्ग काढावा, आणि संमती होत नसेल तर विजेतेपद व रक्कम दोघांत वाटावी, असे मला वाटते. न खेळलेल्या सामन्याचे गुण कमिशनरने आपल्या मनाने ठरवणे मला कधीच पटलेले नाही.

भारतातून फँटसी प्रीमियर लीग (इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलवरचा असाच खेळ) खेळणाऱ्यांसाठी एक वाक्य : तिच्या नेहमीच्या प्रकारात मॅनेजरांमध्ये ट्रेड होत नाहीत आणि नियम लीगच्या यंत्रणेचेच असतात, त्यामुळे तिथे वाद बहुधा फक्त आपसात ठरवलेल्या पैशांचा असतो.

पैशांबद्दल आपल्याला एक माहिती असावी. इंटरनेटवरील जुगाराला आळा घालणाऱ्या २००६ च्या अमेरिकी संघराज्य कायद्यात फँटसी खेळांना अपवाद आहे, पण त्याच्या अटींपैकी एक अशी की बक्षिसे आधीच ठरलेली आणि जाहीर असली पाहिजेत. राज्यांचे कायदे त्याखेरीज वेगळे. तेव्हा हंगामाच्या मध्यात बक्षिसांची वाटणी बदलण्याचा प्रस्ताव कोणी समेट म्हणून आणला, तर तो सपशेल नाकारा.

आपल्या लीगमध्ये आता वेळ थोडा आहे. बाराव्या आठवड्याचे वेव्हर बुधवारी पहाटे उघडतील आणि त्यानंतर दोन्ही संघांत इतके बदल होतील की ट्रेड जसाच्या तसा लागू करणे अवघड जाईल. म्हणून आज रात्रीच गटावर लिहा की हा वाद बाहेरच्या व्यक्तीकडे नेत आहोत, तोवर हे तीन खेळाडू कोणीही सोडणार नाही किंवा दुसऱ्याला देणार नाही, आणि निकाल गुरुवारच्या सामन्याआधी घेतला जाईल. कमिशनरला आधी स्वतंत्र फोन करा. चारचौघांत त्यांना माघार घ्यायला लावलीत तर ते घेणार नाहीत, आणि त्यांनी आजवर लीग सांभाळली आहे याचा मान त्यांना मिळायला हवा. नियमांत जे बदल हवे असतील, म्हणजे ट्रेडची तपासणी कोण करणार, कमिशनर स्वतः पक्षकार असेल तर त्याच्या जागी कोण, आयआरच्या जागेवर कोणती नोंद चालेल, ते वेगळ्या यादीत लिहून ठेवा आणि ती यादी अंतिम सामना आटोपल्यावर, ऑगस्टच्या ड्राफ्टच्या आधी, मतदानाला घ्या.